साऊचं लोखंड

दहा हजार हर्ट्झवर मीटरचा काटा अर्ध्या रेघेने खाली आला. पंधरा हजारांवर आणखी एका रेघेने. वीस हजारांवर तो तीन रेघा खाली जाऊन थांबला आणि जराही न थरथरता तिथेच राहिला. मी तीन वेळा मोजलं, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, आणि सगळे आकडे वहीत लिहिले. हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरकडून याहून जास्त कुणी मागू नये.

टेबलापलीकडे बाबा बसले होते. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही.

"मेलेलं लोखंड आहे," ते म्हणाले. "बारीक आवाजच नाही यात. साऊने पत्रे भंगारातून उचललेत."

याला आता तीन आठवडे झाले. ती साऊ काकांनी गुंडाळलेली ट्रान्सफॉर्मरची दुसरी जोडी होती.

बाबांचा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याहून वयाने मोठा आहे. व्हॉल्व्हमधून निघणारा आवाज थेट स्पीकरला जोडता येत नाही. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. लोखंडी पत्र्यांची एक चवड आणि तिच्यात बसवलेले तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच ते असतं. सायगॉनमध्ये या छंदाची माणसं त्याला नुसतं लोखंड म्हणतात. लोखंड बदललं की अ‍ॅम्प्लिफायरचा गळा बदलतो, असं ती सांगतात, आणि ते खोटं नाही. तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाआधी बाबांना वाटू लागलं की आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचा गळा बसलाय. जुनं लोखंड काढून त्याहून चांगलं बसवायचं त्यांनी ठरवलं.

गळा बसला नव्हता. बाबांचे कान गेले होते. पूर्ण नाही. बोललेलं त्यांना ऐकू येतं, दारात थांबलेली मोटरसायकल ऐकू येते. वरच्या टोकाचे आवाज गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला होता, तेव्हा मी त्यांच्या काखेत थर्मामीटर ठेवून स्वयंपाकघरात गेले. ते यंत्र वाजून वाजून गप्प झालं. दहा मिनिटांनी येऊन बघते तर बाबा अजून ते दाबून धरून बसलेले. "भंगार आहे," ते मला म्हणाले. "वाजतच नाही." मी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. वय चौऱ्याहत्तर. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण बाबा म्हणजे त्रोंग सर. त्यांनी तंत्रशाळेत तीस वर्षं रेडिओ शिकवला आणि संध्याकाळी नाटकमंडळ्यांचे ध्वनिक्षेपक सांभाळले. न्हात ताव बाजाराच्या मागच्या कॉफीच्या दुकानात रविवारी या छंदातली माणसं जमतात. तिथे कुणी नवं यंत्र आणलं की सगळे आधी त्रोंग सरांच्या तोंडाकडे बघतात. सरांनी मान हलवली तर ते यंत्र चांगलं. नाही हलवली, तर मालक ते पिशवीत घालून निघून जातो. मोजमापाची यंत्रं कुणी तिथे आणत नाही. कान असताना मीटर कशाला, असं म्हणतात.

त्या दुकानातल्या टेबलावर बाबांनी दुसऱ्या जोडीचा निकाल दिला. "साऊचं लोखंड मेलेलं आहे. माझ्या क्वेनने मशीन लावून मोजलंय. ती सरकारी मोजमाप कार्यालयात आहे."

मी खरंच मोजलं होतं, आणि मी खरंच त्या कार्यालयात आहे. बाजारातले तराजू, दवाखान्यातली रक्तदाबाची यंत्रं तपासून मी त्यांच्यावर सही करते. बाबांनी माझ्या सहीने खोटा निकाल खपवला आणि मी तीन आठवडे ते ऐकून घेतलं.

या तीन आठवड्यांत साऊ काकांच्या दुकानाची एक फळी भरली. लोक लोखंड परत आणून देत होते. एकाने तर आठ वर्षं सुखाने ऐकलेली जोडी अ‍ॅम्प्लिफायरमधून उपसून आणली. आवाज मंद आहे हे त्याला आताच कळलं होतं.

शनिवारी सकाळी साऊ काका तिसरी जोडी घेऊन आले. त्यांनी हेल्मेट काढलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते ओझं त्यांनी टेबलावर असं ठेवलं की चहाचे पेले उडाले.

"घ्या सर. तारेचे अकरा थर केलेत. याच्यावर आता माझ्याकडे काही नाही."

"आपट, अजून आपट. नाहीतरी भंगारच आहे."

"भंगार तुम्ही म्हणता."

"मी म्हणतो म्हणजे आहे. तुझा बाप पंख्याच्या मोटारी गुंडाळायचा, साऊ. तिथवर ठीक होतं. गाणं हे तुमच्या घराण्याचं काम नाही."

"माझ्या बापाचे पंखे अजून फिरतायत, सर. तुमच्या शाळेतली पोरं काय करतात? विमा विकतात."

बाबा हसले. राग आला की ते असेच दात न दाखवता हसतात. "उद्या ये. ल्येम आणि बाओ येणार आहेत. त्यांच्यासमोर लावतो तुझी ही अकरा थरांची मिठाई. तोंडावर निकाल ऐकून जा."

"येतो की. एक सांगून ठेवतो. फीडबॅकवरचा तो चपटा कंडेन्सर आहे ना, त्याला हात लावू नका. थर वाढवलेत. तो निघाला तर मशीन अंगात आल्यासारखं करेल."

"मला शिकवतोस?"

"नाही सर. माझी काय लायकी."

मी त्यांना सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्यांनी मोटरसायकल चालू केली नाही. दोन्ही हात मुठींवर ठेवून ते समोर बघत राहिले.

"आकडा काय आला होता?"

"वीस हजारांवर तीन रेघा खाली."

"तीन!" त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर निव्वळ आनंद दिसला. मग तो गेला. "मग हे तू बोलली का नाहीस?"

"काका, ते माझे वडील आहेत."

"आणि मी कोण? तुमच्या गल्लीतलं मांजर? माशांच्या बाजारात काटा मारणाऱ्या बाईला तू दंड करतेस ना? तुझ्या बापाने तुझ्या नावावर काटा मारलाय, पोरी. आणि तू मापं धरून उभी आहेस."

"मी बोलेन."

"कधी? मी मेल्यावर धूप लावायला येशील तेव्हा?"

त्यांनी किक मारली. ते गेले.

आई मागच्या मोरीवर मरळ माशाचे खवले काढत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला नेहमी सगळं ऐकू येतं.

"गल्लीत उभं राहून त्या माणसाशी कुजबुजतेस," ती म्हणाली. "लोकांना काय वाटेल?"

"आई, तुला ठाऊक आहे. बाबांना ऐकू येत नाही."

"टीव्हीचा आवाज कोण वाढवतं रोज? मी. मला कोण शिकवतंय!" तिने मासा उलटा केला. "त्यांच्याकडे काय उरलंय सांग. पेन्शन आणि कान."

"कान नाहीयेत."

"म्हणूनच तू तोंड उघडायचं नाही. तू आकडे बघ. माणसं मी बघते."

"साऊ काका पण माणूसच आहेत."

"तो माझा नवरा नाही," आई म्हणाली आणि पुढचा मासा घेतला.

रविवारी आठ वाजेपर्यंत बाबांनी तिसरी जोडी बसवली होती. त्यांचे हात अजून चांगले आहेत. सोल्डरचे डाग गोल आणि चकचकीत होते, तारा काटकोनात वळवलेल्या. मी दिवा धरून उभी होते आणि मनात म्हणत होते की हे काम एखाद्या पुस्तकात छापावं असं आहे.

ल्येम काका आले. ते जुने दंतवैद्य, अजून कुणाशी बोलताना त्याच्या तोंडातच बघतात. बाओ काका आले. ते सैन्यात बिनतारी संदेशाच्या यंत्रावर होते आणि आपल्या कानांनी काय काय ऐकलं हे सांगायला त्यांना आवडतं. सर्वांत शेवटी साऊ काका. ते चपला काढून दाराशीच उभे राहिले. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

बाबांनी तबकडी लावली. जुनं नाट्यगीत होतं. गाणारीच्या मागे एक तंतुवाद्य आणि वादकाने पायाने वाजवायचा छोटा लाकडी ठोका. हा ठोका कोरडा आणि टोकदार असतो. बाबा यंत्राची परीक्षा नेहमी त्याच्यावर घेतात.

मला ठोका स्वच्छ ऐकू आला. लाकडावर लाकूड.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. "चिखलात पडतोय."

"हो, थोडा चिखल आहे," ल्येम काका म्हणाले.

"थोडा कसला?" बाओ काका म्हणाले. "म्हैस बसलीय."

साऊ काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"शंभर तास वाजू दिलं तर लोखंड खुलतं म्हणतात," ल्येम काकांनी चाचरत सांगून पाहिलं.

"मेलेलं खुलत नाही, कुजतं." बाबांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून आडवा केला आणि आतली वीज उतरवून घेतली. मग पक्कड उचलली. "पण लोखंड मेलं तरी डॉक्टर जिवंत आहे. आवाजाचं वरचं टोक कोण खातंय ठाऊक आहे? हा बघा. हा चपटा चोर."

"सर!" साऊ काका दारातून ओरडले. "तो काढू नका म्हणून सांगितलं होतं!"

"का? तुझी चोरी उघडी पडेल?"

"बाबा," मी म्हणाले, "तो आवाज खात नाही. बाहेरचा आवाज परत आत नेणाऱ्या फीडबॅकला आवर घालतो. तो नसेल तर यंत्र स्वतःच वाजायला लागेल."

"तराजू तपासणाऱ्यांनी तराजू तपासावेत," बाबा म्हणाले आणि कंडेन्सरचे दोन्ही पाय कापले. कंडेन्सर टेबलावर पडला. एवढासा, मसुरीच्या दाण्यासारखा.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. बाबांनी तबकडीवर सुई अजून टेकवली नव्हती. पहिल्यांदा मला तो आवाज वाटलाच नाही. डोळ्यांच्या मागे काहीतरी दाबल्यासारखं झालं. मग ते बारीक होत होत शिट्टी झालं. दाभणासारखी शिट्टी, न थांबणारी, दोन्ही स्पीकरमधून. टेबलाखाली झोपलेला कुत्रा उठला, कान पाडून त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तो घराबाहेर गेला.

दुसरं कुणीही हललं नाही. ल्येम काका डोळे मिटून बसले होते. बाओ काकांनी मान तिरपी केली होती. साऊ काका एकसष्ट वर्षांचे आहेत. शिट्टी त्यांनाही ऐकू आली नव्हती.

"बघा, किती निवळलं," बाबा म्हणाले. "शांतता ऐका."

त्यांनी सुई टेकवली. गाणं सुरू झालं, आणि त्याच्यावर ती शिट्टी.

"वा!" ल्येम काका म्हणाले. "पडदा उचलल्यासारखं."

"म्हैस उठली," बाओ काका म्हणाले.

बाबांनी साऊ काकांकडे बोट केलं. "हे तुझ्या अकरा थरांचं काम नाही. दोन कापांचं आहे. पुढच्या रविवारी दुकानातल्या टेबलावर सांगणार आहे मी. साऊचं लोखंड घेतलंत तर सोबत त्रोंग सर पण घ्या, नाहीतर चालत नाही."

साऊ काका काही ऐकत नव्हते. त्यांची नजर उजव्या व्हॉल्व्हवर होती. काचेच्या आतल्या राखाडी प्लेटवर नाण्याएवढा एक डाग लाल होत होता.

"सर, बंद करा. प्लेट लाल होतेय, व्हॉल्व्ह जळेल."

"आता जीव आलाय तिच्यात. तुला सवय नाही."

तेवढ्यात तुयेत आत आली. कोपऱ्यावरच्या कॉफीवालीची मुलगी, पंचवीस वर्षांची, दर रविवारी बर्फ घातलेली कॉफी घेऊन येते. उंबऱ्यातच तिने खांदा उचलून कानाला लावला.

"ई! काय वाजतंय हे सर? डोकं फुटेल ना माणसाचं!"

"गाणं वाजतंय. तुला नाही कळायचं."

"गाणं नाही हो. शिट्टी! कुकर विसरलात का आत?"

बाओ काका हसायला लागले. "पोरीच्या कानात भुतं शिरलीत. मोबाईलची."

"दिवसभर कानात बोंडं घालून फिरायचं," बाबा म्हणाले, "आणि मग म्हणे शिट्टी. यांच्या पिढीचे कान गेलेत, ल्येम."

"गेलेच आहेत," ल्येम काका म्हणाले.

तुयेतने कॉफीचे पेले टेबलावर जरा जोरातच ठेवले. "मला काय, मी चालले. बर्फ वितळला तर मला बोलू नका. क्वेनताई, तुला तरी येतंय का ऐकू, का मीच वेडी?"

सगळे माझ्याकडे वळले. आई सुरी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"क्वेन, कॉफी ढवळ," आई म्हणाली.

मी कपाटातून मीटर काढला. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण शून्यावर आणला. गाणं थांबलं, शिट्टी थांबली नाही. मी मीटरची दोन टोकं स्पीकरच्या तारांना लावली. काटा सरळ उजवीकडे जाऊन मीटरच्या कडेला आपटला.

"आवाज शून्यावर आहे," मी म्हणाले, "आणि काटा इथे आहे."

"मीटर बिघडलाय," बाबा म्हणाले.

"चार तारखेला तपासलाय."

"कुणी?"

"मी."

"मग तूही बिघडलीस."

बाओ काका पुन्हा हसले, ल्येम काकाही. बाबांनी त्यांना हसू दिलं. मग ते हळू आवाजात, मी लहान असताना उजळणी घ्यायचे तशा स्वरात मला म्हणाले, "सांग या कॉफीवालीला. शिट्टी वगैरे काही नाही. आणि यालाही सांग की खोट लोखंडात होती आणि मी ती काढली. मोजलंयस ना तू? मग सांग सगळ्यांना."

साऊ काकांनी खाली वाकून चपला घातल्या. "राहू दे, पोरी," ते म्हणाले. "नको सांगूस. सर, तुम्ही जिंकलात. फळीवरचं सगळं मी उद्या वितळवायला देतो. तांबं तरी सुटेल. पंख्याच्या मोटारी आहेतच. त्या ऐकायला कुणी बसत नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी हेल्मेटचा पट्टा लावला. त्या हातांनी अकरा थरांचा एकेक वेढा मोजून घातला होता, केवळ एका माणसाच्या मान हलवण्यासाठी.

लाल डाग आता प्लेटच्या कडेपर्यंत पोचला होता. मी हात लांब करून अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. शिट्टी खाली घसरत विझली.

"हां," तुयेत म्हणाली. "गेली."

तिन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काय गेलं ते कुणालाच कळलं नव्हतं. ल्येम काकांनी कॉफीचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला.

"क्वेन," आई दारातून म्हणाली. "क्वेन, गप्प बस."

"थांबा, साऊ काका," मी म्हणाले. मग बाबांकडे वळले. "शिट्टी होती, बाबा. चौदा हजारांच्या आसपास. तुम्हाला ती ऐकू आली नाही. तिथलं तुम्हाला दोन वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही. साऊ काकांचं लोखंड चांगलं होतं आणि आहे. मी ते मोजलंय, आणि यापुढे बाजारात जो कुणी मला विचारेल, त्याला मी हेच सांगणार आहे."